समोरच्याची गिऱ्हाइकं

डॉक्टरीणबाईंनी उस्तादांच्या पोटावरून एक बोट ओढलं आणि ते दिव्याखाली धरून पाहिलं. बोट पांढरं झालं होतं.

"हे काय लावलंय?"

"पावडर," उस्ताद म्हणाले. यात विचारण्यासारखं काय आहे, हेच त्यांना कळेना. "हजामत झाली की लावायचीच असते."

"आणि पावडरीच्या खाली?"

"क्रीम. त्याच्याआधी तुरटी."

डॉक्टरीणबाईंनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी छताकडे पाहिलं. टेबलावर आडव्या पडलेल्या उस्तादांना आपलं काहीतरी चुकलंय एवढं समजलं, पण काय ते समजेना. काम तर चोख झालं होतं.

पोटावर आणि उजव्या कुशीवर एकही केस राहता कामा नये, असं त्यांना आदल्या दिवशी बजावलं होतं. चाळीस वर्षं केस कापण्याचं दुकान चालवलेल्या माणसाला आपण हे सांगतोय, याची सांगणाऱ्याला कल्पना नव्हती. वॉर्डातला माणूस केस काढायचं मशीन घेऊन आला, तेव्हा उस्तादांनी त्याला असा काही हाकलला की तो दुपारपर्यंत त्या बाजूला फिरकला नाही. मग आज भल्या सकाळी, हॉस्पिटलजवळच्या लेकीच्या घरी, न्हाणीघरात कडी लावून त्यांनी स्वतःची हजामत स्वतः केली होती. पोट काचेसारखं गुळगुळीत झाल्यावर हात सवयीने तुरटीकडे गेला, तुरटीवरून क्रीमकडे आणि क्रीमवरून पावडरीच्या डब्याकडे. मागे आरसा धरून "ठीक आहे ना, साहेब?" एवढं विचारायचं तेवढं राहिलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर गार जेली लावली आणि हातातला दांडा फिरवून पडदा उस्तादांकडे वळवला. पडद्यावर नुसतं धुकं होतं.

"उस्ताद, दिसतंय काही?"

इथेही सगळे त्यांना उस्तादच म्हणत. फायलीवर दुसरं काही लिहिलेलं असेल, ते फायलीपुरतं.

"नाही बुवा."

"मलाही नाही दिसत. मी तुम्हाला सांगितलं होतं ना, हा सगळा आवाजाचा खेळ आहे. आपल्या कानाला न ऐकू येणारा आवाज पाण्यातून तुमच्या कातडीत जातो, कातडीतून आत. मध्ये हवा आली की तो तिथूनच परत फिरतो. केसाच्या बुडाशी एवढासा बुडबुडा अडकला तरी आमचा नेम चुकतो. आणि तुम्ही तर वर मेकअप करून आलात."

सिस्टरना हसू आलं. उस्तादांना आलं नाही. नेम चुकणं त्यांना परवडणारं नव्हतं.

त्यांच्या यकृतात दोन गाठी होत्या. एक अक्रोडाएवढी, पुढच्या बाजूला. दुसरी द्राक्षाएवढी, पार वर, फुप्फुसाच्या आडोशाला. गोळ्या झाल्या, सलाइनमधून दिलेली औषधं झाली, दोन्ही गाठींना त्याचं सोयरसुतक नव्हतं. शेवटी या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्या म्हणाल्या, चाकू नाही, टाका नाही. बाहेरून आवाज सोडायचा, तो आत एकाच ठिकाणी गोळा करायचा. तिथे बारीक बारीक बुडबुडे उठतात, फुटतात आणि गाठीचं पीठ होतं.

"आणि दुसरी?" उस्तादांनी तेव्हाच विचारलं होतं.

"दुसरीच्या वाटेत फुप्फुस आहे. म्हणजे हवा. तिथवर माझा हात पोचत नाही."

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढून समजावलं होतं. अंगात पहारेकरी असतात. गाठ अखंड असते तोवर ती घरातलीच वाटते, पहारेकरी तिच्याकडे बघतही नाहीत. तिचं पीठ झालं की ते साफ करायला त्यांना यावंच लागतं. साफ करता करता कधीकधी त्यांना ओळख पटते, की हे आपल्यातलं नाही. आणि एकदा ओळख पटली, की तसलंच दुसरं कुठे लपलंय का, हे ते शोधत निघतात.

"कधीकधी म्हणजे?"

"म्हणजे होईलच असं नाही. अजून आम्हीही शिकतोय. झालं तर मला तुमच्याइतकाच आनंद होईल."

तेव्हापासून उस्तादांना अक्रोडाची भीती वाटेनाशी झाली होती. सगळा जीव टांगला होता तो द्राक्षाला. पहारेकऱ्यांनी ओळखलं तर ठीक; नाही ओळखलं, तर डॉक्टरांच्या पेटीत दुसरं काही उरलं नव्हतं. आणि हे सगळं करायचं तर आजच. अक्रोड वाढत वाढत या उपचाराला चालणाऱ्या मापाच्या हद्दीपाशी येऊन बसलं होतं. मशीन परत मोकळं व्हायला तीन आठवडे लागणार होते आणि तोवर ते हद्द ओलांडणार, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

सिस्टरनी ओल्या फडक्याने पावडर, क्रीम, तुरटी सगळं उतरवलं. पुढची बाजू पडद्यावर स्वच्छ दिसू लागली. डॉक्टरीणबाईंनी दांडा कुशीकडे नेला, पाठीकडे नेला आणि धुकं परत दाटून आलं.

"इथे तर अर्धे केस तसेच आहेत."

पाठीला हात पोचेना म्हणून उस्तादांनी तिथे बायकोचा हातातला आरसा आणि अंदाज यांच्यावर भागवलं होतं. स्वतःच्या पाठीची हजामत करणारा कारागीर अजून जन्माला यायचा होता.

सिस्टर प्लास्टिकचा एक फिका निळा रेझर घेऊन आल्या. त्यांनी तो ज्या पद्धतीने धरला, ती पाहूनच उस्ताद कोपरावर उठले.

"सिस्टर, गाजर सोलायचं नाहीये."

"मला येतं हो, उस्ताद."

"येत असेल. पण तो सुकाच फिरवाल, तोही उलटा, आणि कातडी न ताणता. दोन मिनिटांत सगळी कूस लाल होईल."

"ओरखडा चालणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी घड्याळ पाहिलं. "असं करू. बाराचा पेशंट मी आधी घेते. तुम्हाला तीन वाजता. तोवर हे नीट झालं तर झालं."

दाराशी उभी असलेली उस्तादांची बायको तेवढ्यात बाहेर गेली आणि फोन पर्समध्ये टाकत परत आली.

"बोलावलंय मी," ती म्हणाली.

"कुणाला?"

"येईल तेव्हा कळेल."

तिने ज्या शांतपणे पदर सारखा केला, त्यावरून उस्तादांना तेव्हाच कळलं. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"अगं, त्याला? त्याच्या हातून करून घेण्यापेक्षा—"

"त्यापेक्षा काय?" बायको म्हणाली. "पुरं करा ना वाक्य."

उस्ताद पुन्हा आडवे झाले.

तो म्हणजे समोरचा. उस्तादांच्या दुकानाच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, त्याचं दुकान होतं. उस्तादांच्या तोंडी त्याला दुसरं नाव नव्हतं; आणि तो उस्तादांचा उल्लेख करी तेव्हा तोही म्हणे, "समोरचा." दोघं एकाच गुरूकडे शिकलेले. एकाच फुग्याला साबणाचा फेस लावून, फुगा न फोडता वस्तरा फिरवायला शिकलेले. पुढे एकाच रस्त्यावर दुकानं थाटली आणि एका डब्यातून जेवलेही. आणि मग अर्ध्या दाढीचं प्रकरण झालं.

अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी उस्तादांच्या खुर्चीत वह्या-पेनांच्या दुकानाचे मालक बसले होते. डावा गाल झाला होता, उजव्यावर फेस होता, तेवढ्यात फोन आला. लेकीला मुलगी झाली होती. आनंदाच्या भरात उस्ताद मागच्या दाराने जे निघाले, ते घरी, आणि घरून थेट प्रसूतिगृहात. दुकान, गिऱ्हाईक, उजवा गाल, काही लक्षात राहिलं नाही. मालकांनी अर्धा तास वाट पाहिली. फेस वाळून गालाला ओढ बसायला लागली, तसे ते गळ्यातल्या टॉवेलसकट उठले आणि रस्ता ओलांडून समोर गेले. समोरच्याने उरलेला गाल करून दिला. नेमके त्याच वेळी उस्ताद परत आले. आपला टॉवेल, आपलं गिऱ्हाईक, आणि खुर्ची दुसऱ्याची! या धंद्यात लिहिलेले कायदे नाहीत, पण दुसऱ्याच्या खुर्चीतून अर्धं उठलेलं गिऱ्हाईक घ्यायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. उस्तादांनी भर रस्त्यात त्याची काढायची तेवढी काढली.

"मग काय, अर्ध्या दाढीनं घरी पाठवू त्यांना?" समोरचा एवढंच म्हणाला होता.

त्यानंतर बोलणं बंद. नातीचं वय आणि दोघांचा अबोला बरोबरीने वाढत गेले. चूक आपलीच होती, हे उस्तादांना पहिल्या वर्षीच कळलं होतं. पण बोलायचं कुणी आधी, यात बाकीची दहा गेली. दोघांच्या बायकांनी मात्र हा अबोला एक दिवसही पाळला नव्हता.

आणि आता दुकान बंद होऊन दोन महिने झाले होते. दोन महिन्यांत आपली सगळी गिऱ्हाइकं समोर गेली असणार, याबद्दल उस्तादांना तिळमात्र शंका नव्हती. रात्री कूस बदलताना त्यांना समोरच्याच्या दुकानाबाहेर लागलेली रांग दिसायची. रांगेतला एकेक चेहरा ओळखीचा असायचा.

पावणेदोन वाजता समोरचा आला. दोन बस बदलून आला होता. काखोटीला जुनी चामड्याची पेटी. दारात क्षणभर थबकला, पलंगावरच्या माणसाकडे पाहिलं. उस्ताद किती वाळलेत हे बघून त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण त्याने ते लगेच आवरलं.

"कोणती बाजू?" त्याने वहिनींना विचारलं.

"उजवी," उस्तादांनी भिंतीकडे तोंड करून परस्पर उत्तर दिलं.

समोरच्याने बाह्या सरसावल्या. गरम पाण्यात टॉवेल बुडवून पिळला आणि कुशीवर घट्ट दाबून ठेवला. कटोरीत ब्रश फिरायला लागला. त्या आवाजावरूनच उस्तादांनी ओळखलं, फेस दाट होतोय, घाई नाही. मग अंगठ्याने कातडी ताणली गेली आणि वस्तरा चालू लागला. आधी केसांच्या वळणाने, मग आडवा, मग अगदी हलक्या हाताने उलटा. सिस्टर पाणी बदलायला आल्या होत्या, त्या तिथेच बघत उभ्या राहिल्या.

उस्ताद चूक शोधत होते. मिळत नव्हती.

"वस्तरा बरा लागलाय," शेवटी ते भिंतीला म्हणाले.

"रोज लावतो."

"धंदा कसाय?"

पातं एक क्षण थांबलं.

"चाललंय."

"चालणारच. दोन दुकानांचं एका दुकानात आलं म्हटल्यावर."

"हलू नकोस," समोरचा म्हणाला.

उस्ताद हलले नाहीत. पण अकरा वर्षांनी त्याने आपल्याला 'हलू नकोस' म्हटलं, तेही 'तू' म्हणून, हे त्यांना बरं वाटलं. बरं वाटलं याचा रागही आला.

काम संपलं. समोरच्याने कोमट टॉवेलने सगळी बाजू पुसली, बोटांनी चाचपून पाहिली, समाधानाने मान हलवली. आणि पेटीत हात घालून पावडरीचा डबा बाहेर काढला.

"पावडर नको!" उस्ताद, त्यांची बायको आणि सिस्टर एकदमच ओरडले.

समोरचा डबा हातात धरून दचकून उभा राहिला. काय झालं ते सिस्टरनी सांगितलं. तुरटी, क्रीम, पावडर, सगळं. ऐकता ऐकता त्याच्या मिशीखाली हसू फुटलं. उस्ताद वळले. दोघांची नजरानजर झाली आणि मग दोघंही असे हसत सुटले की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं.

"गुरूनं मारून मारून शिकवलेलं," समोरचा डोळे पुसत म्हणाला. "हात ऐकतच नाही."

तीन वाजता डॉक्टरीणबाईंनी दांडा फिरवला. पडद्यावर सगळं लख्ख दिसलं. अक्रोडसुद्धा.

"वा! हे कुणी केलं?"

"यांनी," उस्ताद म्हणाले.

"तुमचे कोण?"

उस्तादांनी थोडा विचार केला.

"समोरचे."

मग त्यांच्या पोटावर पातळ प्लास्टिकचा तळ असलेली पाण्याची मोठी थैली ठेवण्यात आली. त्या पाण्यातली हवासुद्धा काढून घेतलेली होती. कुणीतरी नाकावर मास्क धरून उलटे आकडे मोजायला सांगितलं. सातपर्यंत उस्ताद होते.

जागे झाले तेव्हा बायको समोर बसून संत्रं सोलत होती. अर्ध्या तासाचं काम, ती म्हणाली. अंगावर एक टाका नाही, एक डाग नाही. समोरचा निघून गेला होता.

पुढचे आठ आठवडे वाट बघण्याचे. ते उस्तादांनी लेकीच्या घरीच काढले. दवाखाना पायाशी होता आणि जावई भला माणूस होता. दोन दिवस बारीक ताप आला, तर डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, येऊ द्या, आत कुणीतरी कामाला लागलंय. हे ऐकून नात कागद-पेन्सिल घेऊन बसली. तिने आजोबांचं पोट काढलं, आत काठ्या घेतलेले पहारेकरी काढले. द्राक्षाच्या चित्राखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, "हाच तो." तो कागद तिने आजोबांच्या पोटावर चिकटपट्टीने लावला.

"त्यांना वाचता येतं का?" उस्तादांनी विचारलं.

"चित्र आहे ना, आजोबा."

दिवसा असं हसण्यात जायचं. संध्याकाळी मात्र उस्ताद खिडकीशी बसत. कुशीवर हात ठेवून आत काही हलतंय का ते पाहत. काही हलत नसे. मनातली भीती तोंडाने बोलायची त्यांची पद्धत नव्हती, म्हणून ते समोरच्याबद्दल बोलत.

"मास्तरसुद्धा त्याच्याकडेच जात असतील आता. तीस वर्षांचं गिऱ्हाईक."

बायको मटार सोलत राही.

"आणि तो बँकेतला कॅशियर. पोस्टमन. बेकरीवाला. सगळे."

"जात असतील," ती म्हणे आणि पुढची शेंग घेई.

आठ आठवड्यांनी फोटो काढले. डॉक्टरीणबाईंनी दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. अक्रोडाच्या जागी एक सुरकुतलेला ठिपका उरला होता. त्याच्याकडे उस्तादांनी पाहिलं न पाहिलंसं केलं.

"वरची," ते म्हणाले.

"वरची एकोणीस मिलिमीटर होती." डॉक्टरीणबाईंनी थोडं थांबून त्यांच्याकडे पाहिलं. "आता अकरा आहे."

"किती?"

"अकरा."

"तिला कुणी हात लावला होता?"

"कुणीही नाही, उस्ताद. तुमच्याच आतल्या माणसांनी ओळखलं तिला."

उस्तादांनी बायकोचा हात धरला. परक्यासमोर त्यांनी तिचा हात धरल्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी लगोलग बाकीचंही सांगितलं. ही संपली नाहीये, लहान होतेय. दर तीन महिन्यांनी येऊन दाखवायचं. दुकान उघडायला हरकत नाही, पण सलग तासाभराच्या वर उभं राहायचं नाही. उस्ताद सगळ्याला हो म्हणत होते. त्यांच्या कानात फक्त अकरा वाजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी त्यांच्या रस्त्याला वळली. कोपऱ्यावर पोस्टमन सायकल टेकवून उभा होता. त्याच्या टोपीखालून केस चारी बाजूंनी बाहेर पडले होते.

"याला काय झालं?" उस्ताद म्हणाले. "घरात काही दुःखद—?"

"नाही हो," बायको म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

बेकरीच्या दारात बेकरीवाला. त्याचे केस मानेवर रुळत होते आणि ते पावात पडू नयेत म्हणून त्याने डोक्याला चक्क फडकं बांधलं होतं. बँकेचा कॅशियर लगबगीने चालला होता. कपाळावरचे केस त्याने मुलीच्या फुलाफुलांच्या हेअरबँडने मागे सारले होते. उस्तादांना वाटलं, साडेतीन-चार महिन्यांत जगाची फॅशन बदलली आणि आपल्याला पत्ताच नाही. मग मास्तर दिसले. मास्तरांची दाढी छातीला टेकली होती आणि चष्मा त्या सगळ्या जंजाळात कुठेतरी अडकलेला होता.

शटर अर्धं वर जायच्या आत दुकानात माणसं घुसली.

"उस्ताद, आधी माझं!"

"अहो, रांग लावा! मी परवापासून विचारतोय!"

"बायको घरात घेईना हो!"

उस्ताद हातात किल्ली घेऊन मध्येच उभे राहिले. एकेक डोकं त्यांच्या नजरेखालून जात होतं. प्रत्येकाच्या मानेवरचा शेवटचा कट त्यांच्या ओळखीचा होता. त्यांच्याच हातचा होता, फक्त त्याच्यावर चार महिन्यांचं रान माजलं होतं.

"अहो, पण समोर दुकान होतं की," ते म्हणाले.

"तो घेतोय कुठे!" मास्तर कडाडले. "तीनदा गेलो. खुर्चीत बसू देत नाही. म्हणतो, तुमचा माणूस येतोय. कधी येतोय, विचारलं, तर म्हणतो, येतोय."

"मला तर टॉवेलनं हाकललं," कॅशियर म्हणाला.

"स्टेशनजवळ आहेत की दुकानं," उस्ताद म्हणाले.

"जाणार होतो," बेकरीवाला फडकं सोडत म्हणाला. "पण त्यानं असं काही बघितलं, की पाय उचलेना."

उस्तादांनी बायकोकडे पाहिलं. ती झाडू घेऊन कोपऱ्यातली जळमटं काढत होती आणि तिची पाठ हसत होती.

उस्तादांनी किल्ली टेबलावर ठेवली. बाहेर आले, दोन्ही बाजूंना पाहिलं आणि अकरा वर्षांनी रस्ता ओलांडला.

समोरचा आपल्याच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होता. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"काय हे?" उस्ताद दारातून म्हणाले.

"काय?"

"सगळा रस्ता झिपरा करून ठेवलास."

समोरच्याने पेपर खाली केला. "तुझी गिऱ्हाइकं आहेत. मी कशाला हात लावू? एकदा लावला, तर अकरा वर्षं बोलला नाहीस."

उस्तादांना तोंडात मारल्यासारखं झालं. पुढच्या-मागच्या आरशांत त्यांना दोघंही दिसत होते. दोघांचेही केस पांढरे झाले होते. आणि दोघांचेही, आपले आपणच कापलेले असल्यामुळे, मागे वाकडे होते.

समोरचा उठला. खुंटीवरचा ॲप्रन काढून त्याने खांद्यावर टाकला. पेटी उघडून कात्री, कंगवा, मशीन एकेक करून आत ठेवलं.

"वहिनींचा फोन आला होता," तो म्हणाला. "तासाच्या वर उभं राहायचं नाही म्हणे तुला. किती आहेत?"

"वीस-बावीस असतील."

"निम्मी मी करतो. पण तिकडेच. तुझ्या खुर्चीत."

तो पेटी उचलून दारापाशी आला. उस्ताद बाजूला झाले नाहीत.

"आणि मी आलोच नसतो तर?"

समोरचा थांबला. त्याने उस्तादांकडे पाहिलं नाही; रस्त्यापलीकडे, दुकानातून डोकं बाहेर काढून उभ्या असलेल्या मास्तरांकडे पाहिलं.

"मास्तरांनी पण हेच विचारलं होतं."

"मग? काय म्हणालास?"

"म्हटलं, वेण्या घाला."